विहीर घेतली, दही राहिलं

प्रश्न असा आहे: 'लोकप्रिय चित्रपटांतले सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट आई-वडील कोणते वाटतात? माझी मुलं ८ आणि १२ वर्षांची आहेत, त्यांच्यासोबत काय बघावं?'

एका गृहस्थांनी आधीच निकाल लावून टाकलाय. आई म्हणजे 'श्यामची आई', बाप म्हणजे 'दंगल', विषय संपला. मी एरवी नुसता वाचून पुढं जाणारा माणूस. पण ही दोन नावं एका ओळीत बघितली आणि राहवेना. यातल्या एकापायी मी दहाव्या वर्षी बुडता बुडता वाचलोय आणि दुसऱ्यापायी अडतिसाव्या वर्षी वडिलांशी पार्किंगमध्ये भांडलोय.

मी नाशिकरोडचा, त्यातही जेलरोडचा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' आमच्या या जेलमध्ये लिहिलं. १९३३ सालच्या फेब्रुवारीत ९ तारखेला हातात घेतलं आणि १३ तारखेला संपवलं. हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे, कारण आमचे नाना, म्हणजे वडील, सायकलवर मला पुढं बसवून जेलच्या भिंतीजवळून जाताना दर वेळी सांगायचे. नाना प्रेसमध्ये होते. (नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की नोटांची आणि स्टॅम्पांची, वेगळं सांगावं लागत नाही.) मी दूध सांडलं, खोटं बोललो, पाढा चुकलो, की संध्याकाळी ती भिंत दाखवायचे. आळीतल्या बाकीच्या पोरांना जेलची भीती चोरांमुळे वाटायची, मला श्यामच्या आईमुळे.

१९८८ च्या आसपास दूरदर्शनवर अत्र्यांचा सिनेमा लागला. १९५३ चा, वनमालाबाई आणि लहानगा माधव वझे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं तो हाच. आमच्या टीव्हीपुढं आळीतली वीसेक माणसं. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. नाना रडले नाहीत. ते चष्मा काढून बनियनला पुसत बसले, आणि चष्मा पुसत बसले म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे आम्हाला ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्यांनी पुस्तकच आणलं आणि श्यामच्या पोहण्याचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. श्याम भित्रा, पोहायला नको म्हणून घरात लपतो, आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते. इथवर वाचून नानांनी पुस्तक मिटलं. जेवायची वेळ झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीत निफाडकडं आत्याच्या मळ्यात गेलो. ऑक्टोबरची छाटणी होऊन गेलेली, द्राक्षबागेत नुसत्या काड्या आणि कोवळे फुटवे. पाऊस चांगला झालेला, विहीर भरलेली. आत्तेभाऊ सकाळपासून धपाधप उड्या मारत होते. नव्या पोरांना पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायची तिकडं पद्धत. नाना म्हणाले, डबाबिबा काही नको. ते ऐकल्याबरोबर मी कांद्याच्या चाळीत जाऊन लपलो. तिथं मला शिंक आली. कांद्याच्या चाळीत लपू नये, एवढं या उत्तरातून घेतलंत तरी चालेल.

शिंपटी नानांनी घेतली नाही, हे कबूल करायला हवं. दोन्ही बखोटी धरून मला काठावर नेलं आणि सोडलं. पाण्याखालून आकाश ताटलीएवढं दिसत होतं. इंजिनाचा पाईप हाताशी आला होता, पण त्याला शेवाळ धरलेलं, मुठीतून सटकला. वर आत्तेभाऊ हसत होते आणि ते हसणं कानात फुगून येत होतं. मग कुणीतरी केस धरले. आत्याचा सालगडी होता, अंगातल्या बंडीसकट आत आलेला. त्यानं मला पायरीवर पालथं घातलं. नाकातोंडातून पाणी गेलं तेव्हा मी मान वर करून बघितलं, तर नाना काठावर होते. तोंड पांढरंफटक. पण बोलले ते एवढंच: "पाय मारायला सांगितलं होतं ना?"

रात्री मला ताप भरला. आत्यानं हळद घातलेलं दूध दिलं. आई जेलरोडला होती, तिला परत गेल्यावर कळलं, तिनं दोन दिवस नानांशी अबोला धरला. नाना मात्र ज्याला त्याला सांगत होते, की एकदा नाकात पाणी गेलं की भीती जाते म्हणून. माझी गेली नाही. आज वय ४७, गोदाकाठचा माणूस, आणि २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर मी तांब्यानं अंघोळ केली.

बी.कॉम.ला असताना सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) ते पुस्तक आणलं. का आणलं आठवत नाही. ते प्रकरण काढलं तर नाना थांबले होते त्याच्या पुढं आणखी बरंच होतं. श्याम पोहून घरी येतो. दुपारी आई जेवताना त्याला सांगते, की आत दही आहे, घे, तुला आवडतं. तो रुसलेला. सकाळी मारायचं आणि आता दही द्यायचं, अंगावरचे वळ अजून गेलेले नाहीत, मला नको तुझं दही. आईच्या डोळ्यांत पाणी येतं, तिला जेवण जात नाही, ती तशीच हात धुऊन उठते, तेलाची वाटी घेऊन येते आणि त्याच्या अंगाला तेल लावते. मग समजावते, की तुला लोकांनी भित्रा म्हटलेलं मला सोसलं नसतं.

म्हणजे साने गुरुजींनी विहीर लिहिली, तसं दहीही लिहिलं होतं, तेलही लिहिलं होतं. नानांनी विहीर तेवढी घेतली. मला त्या दिवशी नाना क्रूर वाटले नाहीत, त्यांचं अर्धं वाचून झालेलं वाटलं. आणि महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या आई-बापांनी हे पुस्तक बहुधा असंच अर्धं वाचलंय, असं माझं ठाम मत आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

तेव्हापासून सिनेमातले आई-बाप मोजायची माझी पट्टी एकच. ढकललं की नाही, हे मी बघत नाही. ढकलतात सगळेच. नंतर दही घेऊन कोण आलं, ते बघतो.

या पट्टीवर 'थ्री इडियट्स'मधला फरहानचा बाप पहिल्या नंबरवर. पोराला जन्मल्यापासून इंजिनिअर करून ठेवणारा हट्टी माणूस, पण शेवटी तोच लॅपटॉप परत करून कॅमेऱ्याची किंमत विचारतो. ते दही. 'तारे जमीन पर'मधला बाप मध्ये कुठंतरी. बायको इंटरनेटवर डिस्लेक्सियाची (पोराच्या वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीची) माहिती वाचते, असं शाळेत येऊन मास्तरला सांगतो, म्हणजे आम्हाला काळजी नाही असं वाटू नये. त्याचं बोलणं ऐकताना मला हसू येतं, कारण असे बाप पालकसभेत दर वेळी भेटतात. परत निघताना पोरगं नोटीस बोर्डावरचं अडखळत वाचताना त्याला दिसतं. डोळे भरतात त्याचे. पण तो पोराजवळ जात नाही, तसाच निघतो. दही केलेलं आहे, वाटीत काढलेलं आहे, पण नेऊन दिलेलं नाही. या प्रसंगाला थिएटरात माझ्या शेजारचे काका इतके हुंदके देत होते, की मला वाटलं यांच्याही घरी एखादी वाटी तशीच राहिलेली असणार.

सर्वांत वाईट बाप विचाराल तर 'उडान'मधला (२०१०, जमशेदपूर). पोरांकडून स्वतःला 'सर' म्हणवून घेतो. तिथं दह्याचा प्रश्नच नाही, त्या घरात विरजणच नाही. त्याच्याबद्दल कुणाचं दुमत नसतं म्हणून जास्त लिहीत नाही.

'दिलवाले दुल्हनिया'त सगळे अमरीश पुरींचा हात सुटतो तिथं टाळ्या वाजवतात. अहो, पोरगा रक्तबंबाळ होऊन गाडीच्या दारात लटकल्यावर हात सोडला, त्याचं कसलं कौतुक? त्या सिनेमातलं खरं माणूस म्हणजे सिमरनची आई. दागिन्यांची पुरचुंडी हातात देऊन 'हिला घेऊन जा' म्हणते, आणि हीरो तिलाच तत्त्वज्ञान ऐकवतो. चांगल्या आई-बापांच्या कुठल्याच यादीत मी तिचं नाव वाचलेलं नाही. 'वास्तव' आणि 'मदर इंडिया'तल्या आया पोराला गोळी घालतात म्हणून थोर, आणि ही पळून जा म्हणते म्हणून दुर्लक्षित!

'बागबान' (२००३) तर आई-बापांनी आई-बापांसाठी काढलेला सिनेमा आहे. चार मुलं, चारही नालायक, आणि नवरा-बायकोंच्या हातून उभ्या आयुष्यात एकही चूक नाही. पोरं अशी निघाली कशी मग? हवेतून? हा सिनेमा टीव्हीवर लागला की आमच्याकडं आवाज मुद्दाम वाढवला जायचा. त्यापेक्षा 'नटसम्राट' कितीतरी खरा. तात्यासाहेब शिरवाडकर आमच्या नाशिकचे म्हणून म्हणत नाही. (म्हणूनही म्हणतो.) १९७० सालचं नाटक, २०१६ च्या १ जानेवारीला सिनेमा आला. त्यातले आप्पा बेलवलकर पोरांच्या नावावर सगळं करून देतात आणि पुढं त्यांची परवड होते, हे खरंच. पण आप्पांसोबत एका घरात राहणं सोपं नाही, हेही शिरवाडकरांनी लपवलेलं नाही. नानांनी मात्र त्यातून एकच गोष्ट घेतली. सिनेमा बघून आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "घर माझ्याच नावावर राहील." इथंही अर्धंच वाचन. मी घर मागितलंच नव्हतं.

आता 'दंगल'. २०१६ चा डिसेंबर. नाना, बायको, आठ वर्षांची लेक आणि मी, चौघं मॉलमध्ये बघायला गेलो. सिनेमा म्हणून झकास, आमिर खाननं काम झकास केलंय, वाद नाही. पण एक जागा मला तेव्हाही खटकली. लहानपणी त्या पोरींची एक मैत्रीण लग्नात नवरी होऊन बसलेली असते, आणि ती त्यांना सुनावते, की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. झालं, प्रेक्षक बापाच्या बाजूनं! बालविवाहापेक्षा कुस्ती बरी, हे कोण नाकारेल? पण बापाची उंची मोजायला पट्टी इतकी खाली धरायची का? केस कापले, खाणं बदललं, पहाटे पळवलं. पुढं दुरावा येतो, आणि फोनवर रडत माफी मागते ती पोरगी. बाप नाही मागत.

आणि शेवटी फायनल. पोरगी हरत आलेली, बाप खोलीत कोंडलेला, आणि ऐन वेळेला तिला लहानपण आठवतं. काय आठवतं? बापानं पाण्यात उडी मारायला लावलेली. गटांगळ्या खाणारी पोर, आणि काठावरून बाप सांगतोय, की मी प्रत्येक वेळी वाचवायला येणार नाही, तुझं तुलाच लढायचंय.

माझ्या बरगडीत कोपर बसलं. अंधारात नानांचे दात दिसत होते.

तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांनी सुरुवात केली.

"बघितलंस?"

"काय?"

"पाण्यात टाकली होती ना त्यानं? म्हणून मेडल."

"नाना, ती पोरगी पोहून वर आली. मला गड्यानं केस धरून काढलं."

"पण बुडालास का?"

"नाही बुडालो. पण पोहलोही नाही. आजतागायत."

"ते तू पाय मारले नाहीस म्हणून."

अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षांत त्या माणसाच्या डोक्यातून माझे पाय गेले नव्हते. मग मीही सोडलं नाही. विहीर, शेवाळ, ताप, पुस्तक अर्ध्यात मिटलं ते, दही, तेलाची वाटी, घर नावावर ठेवलं ते, सगळं त्या पार्किंगमध्ये ओतलं. नाना म्हणाले, "दही? दह्याचं काय?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. आठवणार कुठून, वाचलंच नव्हतं. लेक पॉपकॉर्नच्या डब्याच्या तळातले दाणे वेचत आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. शेवटी बायको म्हणाली, "आधी गाडी काढा, मागचे हॉर्न वाजवतायत." घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. द्वारकेच्या सिग्नलला नानांनी चष्मा काढून पुसला, तेवढं मी आरशात बघितलं.

पुढच्या मे महिन्यात लेकीला महापालिकेच्या तरणतलावावर घातलं. मी तिकडं जायचं टाळतो, क्लोरीनच्या वासानंच पोटात गोळा येतो. नाना म्हणाले, मी नेतो. पहिल्या दिवशी मीही गेलो, जाळीबाहेर स्कूटरवर बसून राहिलो. चौथ्या की पाचव्या नंबरवर आमची होती. मास्तर रांगेतल्या पोरांना एकेक करून पाठीवर हात ठेवून पाण्यात लोटत होते, हसत हसत, कमरेएवढ्याच पाण्यात, त्यात वावगं काही नव्हतं. लेकीचा नंबर आला आणि जाळीच्या आतून, पालकांच्या बाकावरून नानांचा आवाज:

"ओ मास्तर, तिला ढकलू नका. मी एकदा ढकलून बघितलंय. उपयोग होत नाही."

मास्तरांना काय कळणार? ते बरं म्हणाले आणि पुढच्या पोराकडं वळले. लेक शिडीनं उतरली. नानांनी मागं वळून बघितलं नाही. मी जाळीबाहेर आहे हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, यावर आमच्याकडं अजून एकमत नाही. बायको म्हणते, तेच दही, आणखी काय हवंय तुम्हाला? मी म्हणतो, दही असेल तर ते मास्तरांना दिलं, मला नाही. लेक आता छान पोहते.

नानांबद्दल वाचून तुमचा गैरसमज होईल म्हणून सांगतो. या माणसानं ओव्हरटाइम करून आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं केली, आम्हाला एक चापट कधी मारली नाही, आणि त्यांना स्वतःला त्यांच्या वडिलांनी चेहेडीला दारणेत असंच टाकलं होतं, तेही पुरात. ते पोहून बाहेर आले. त्यांचा अनुभव त्यांच्या बाजूनं आहे, माझा माझ्या. शिवाय या गावच्या बापांना ही जुनीच खोड असावी. फाळके आमच्या त्र्यंबकचे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला त्यांचा मुलगा भालचंद्र, म्हणजे सत्यापायी बायको-पोराला विकणारा आपल्या सिनेमातला पहिला बाप, आणि विकला जाणारा पोरगा दिग्दर्शकाच्या घरचा. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये यमुनेत उडी घेणारा कृष्ण कोण, तर त्यांची मुलगी मंदाकिनी. आता बोला!

राहिला तुमच्या मुलांचा प्रश्न. आठ वर्षांच्याला 'उडान' दाखवू नका, बाराच्याला दाखवलात तर शेजारी बसून दाखवा. 'तारे जमीन पर' दोघांनाही चालेल, फक्त तुमचंच जास्त रडं निघेल. 'थ्री इडियट्स' चालेल, पण त्यात आत्महत्येचा प्रसंग आहे, तेवढं आधी मनाशी ठरवून ठेवा. 'दंगल' बघाच, मी एवढं बोललो म्हणून टाळू नका, सिनेमा चांगलाच आहे. 'बागबान' मुलं मोठी झाल्यावर तुम्ही दोघंच बघा. आणि 'श्यामची आई' सिनेमा जुना काढलात काय किंवा २०२३ चा नवा, आधी पुस्तकातलं ते पोहण्याचं प्रकरण वाचून दाखवा. जेवायची वेळ झाली तरी मध्ये मिटू नका.

नाना आता ८१ वर्षांचे आहेत. डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून रोज रात्री मी किंवा लेक काहीतरी वाचून दाखवतो. हे उत्तर त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते ठरलेलं नाही. दाखवलंच, तर अर्धं.